जीपच्या मागे राहिलेला गाडा

१/
पेनसिल्व्हेनियातील एका शेताच्या कडेला, वाढलेल्या गवतात, एक लोखंडी ट्रेलर पडलेला असतो. दोन चाके, पुढे आलेला दांडा आणि वर पत्र्याची उघडी पेटी. पेटीत पावसाचे पाणी, त्यावर कुजलेल्या पानांचा थर. रंग कोणता हे सांगता येत नाही, कारण तो ठिकठिकाणी वेगळा आहे. विकणाऱ्याच्या लेखी ते भंगार असते. घेणाऱ्याला मात्र आपल्या पिकअपमागे जोडून हिवाळ्याची लाकडे आणण्यासाठी असाच एक गाडा हवा असतो.

२/
या घेणाऱ्याला नाव देण्याचे कारण नाही. तो कोणी एक माणूस नव्हे. महायुद्ध संपल्यापासून आजवर असे कितीतरी लोक जुने लष्करी ट्रेलर घरी आणून पुन्हा रस्त्यावर उतरवत आले आहेत, आणि त्यांच्या अनुभवांत इतके साम्य आहे की त्या सर्वांना मिळून ‘तो’ म्हटले तरी चालावे. तर तो ट्रेलर घरी आणतो, पाणी काढतो, चासीवरची वाळलेली माती खरवडतो. मातीखाली धातूची एक छोटी पट्टी निघते. तिच्यावर निर्मात्याचे नाव असते : अमेरिकन बँटम कार कंपनी, बटलर, पेनसिल्व्हेनिया.

३/
कंपनीचे नाव मोटारींचे, आणि पट्टी ट्रेलरवर. ही विसंगती सहज नजरेआड होण्यासारखी आहे. पण तिचे उत्तर शोधू गेले की विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध लष्करी वाहनाच्या जन्मकथेपाशी येऊन पोहोचावे लागते. त्या वाहनाचे नाव जीप. आणि ती जीप सर्वप्रथम ज्यांनी घडवली, त्यांच्याच हातचा हा ट्रेलर आहे.

४/
बटलर हे पिट्सबर्गच्या उत्तरेकडचे पोलादाच्या धंद्यातील गाव. १९३० पासून तिथे ‘अमेरिकन ऑस्टिन’ नावाने छोट्या मोटारी बनू लागल्या. त्यांचा मूळ आराखडा इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनचा. परंतु तो काळ महामंदीचा होता, आणि अमेरिकी ग्राहकाला मोठ्या मोटारींची सवय. काही वर्षांतच कंपनीचे दिवाळे निघाले. रॉय एव्हान्स या मोटारविक्रेत्याने ती विकत घेऊन पुन्हा उभी केली आणि तिचे नाव ‘बँटम’ ठेवले. बँटम म्हणजे लहान चणीचा कोंबडा. नाव बदलले, नशीब फारसे बदलले नाही. १९४० पर्यंत कारखाना जवळजवळ थंडावला होता.

५/
त्याच वर्षी उन्हाळ्यात जर्मनीने फ्रान्स जिंकला. यांत्रिक सैन्याचा तो वेग पाहून अमेरिकी लष्कराला एका हलक्या, चारही चाकांना गती असलेल्या टेहळणी गाडीची निकड भासली. जुलै १९४० मध्ये १३५ कंपन्यांना विचारणा गेली. अटी कठोर होत्या : गाडीचे वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या आत, आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत. बहुतेकांनी पाठ फिरवली. ४९ दिवसांची मुदत निर्धाराने स्वीकारली ती बँटमने. तिच्यापाशी गमावण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

६/
बँटमकडे आराखडा काढण्यासाठी अभियंताही नव्हता. डेट्रॉईटहून कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावण्यात आले. मोबदल्याची खात्री नसताना ते बटलरला आले आणि दोन दिवसांत त्यांनी गाडीचा आराखडा कागदावर उतरवला. कारखान्यातील जाणते तंत्रज्ञ हॅरल्ड क्रिस्ट आणि मोजक्या कारागिरांनी हाती लागतील ते सुटे भाग जुळवत तो लोखंडात आणला. वजनाची अट पाळणे कोणालाही शक्य नव्हते. वेळेची अट मात्र पाळता येणार होती.

७/
२३ सप्टेंबर १९४०. मुदतीचा अखेरचा दिवस, वेळ सायंकाळी पाचची. नमुना बटलरहून रस्त्याने चालवतच बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर नेण्यात आला. तो पोहोचला तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता. पुढील चाचण्यांत लष्कराने ती गाडी चिखलातून, खड्ड्यांतून निर्दयपणे पिटाळली. गाडी उत्तीर्ण झाली. गावातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्याने बड्या कंपन्यांना न जमलेले काम करून दाखवले होते.

८/
आणि बँटमच्या अडचणींना सुरुवात झाली ती इथूनच. युद्ध तोंडावर आले होते, लष्कराला हजारो गाड्या हव्या होत्या, आणि एका लहानशा, कर्जबाजारी कारखान्यावर सारी भिस्त ठेवणे अधिकाऱ्यांना धोक्याचे वाटले. बँटमची गाडी पाहण्याची मुभा विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांच्या अभियंत्यांना देण्यात आली. आराखडेही त्यांच्यापर्यंत पोहोचले. लष्कराची गरज खरी होती. बँटमवरचा अन्यायही तितकाच खरा होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे इतिहास वाचताना वारंवार स्वीकारावे लागते.

९/
विलिसचे इंजिन अधिक ताकदवान होते. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे मोठे कंत्राट विलिसला मिळाले. त्याच आराखड्यानुसार गाड्या बनवण्याचे काम पुढे फोर्डलाही देण्यात आले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमने बनवलेल्या जीपची एकूण संख्या तीन हजारांच्याही आतच राहिली, आणि त्यांतील बऱ्याचशा ब्रिटन व सोव्हिएत संघाला पाठवल्या गेल्या. अमेरिकी सैनिकाने ज्या जीपवर जीव लावला, तिच्यावर बँटमचे नाव जवळजवळ कधीच नव्हते.

१०/
मग बटलरच्या कारखान्याचे काय झाले? त्याला इतर युद्धसाहित्याबरोबर जीपमागे जोडायच्या पाव टनी ट्रेलरचे काम देण्यात आले. ज्यांनी ओढणारी गाडी घडवली, त्यांच्या वाट्याला ओढली जाणारी गाडी आली. बँटमने असे सत्तर हजारांहून अधिक ट्रेलर बनवले. विलिसच्या नावानेही तसेच ट्रेलर निघाले. गवतात सापडलेल्या त्या पट्टीवरील विसंगतीचा उलगडा इथे होतो.

११/
हा ट्रेलर दुय्यम होता, पण निरुपयोगी नव्हता. जीप चपळ, परंतु तिच्यात जागा थोडी. चार माणसे बसली की सामानाला ठाव उरत नसे. ट्रेलर जोडला की आणखी ५०० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो ओझे आडरानातून नेता येई. दारूगोळा, पाण्याचे डबे, दूरध्वनीच्या तारांची रिळे, शिधा, औषधांच्या पेट्या. सैनिकांच्या छायाचित्रांत जीप ठळक दिसते. लढाई ज्यावर चालते ते साहित्य पुष्कळदा तिच्या मागच्या पत्र्याच्या पेटीत असे.

१२/
त्याच्या रचनेत एक शहाणपण आहे. ट्रेलरची चाके आणि टायर जीपचेच, १६ इंची. त्यामुळे एकच जादा चाक दोहोंच्या कामी येई. दोन चाकांमधले अंतरही जीपइतकेच. मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आपण आता लाक्षणिक अर्थानेच वापरतो, परंतु मूळ अर्थ गाडीच्या चाकांनी जमिनीत पडलेली वाट. जीपची चाके चिखलात जी चाकोरी पाडत, तिच्यातूनच ट्रेलर येई. त्याला स्वतःची वेगळी वाट कापावी लागत नसे, आणि जीपला दुप्पट चिखल तुडवावा लागत नसे.

१३/
दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पेटीची बांधणी. ती सांधे न गळणारी, होडीसारखी आहे. नदी पार करताना पाणी खोल असले तर ट्रेलर तरंगावा आणि आतील सामान कोरडे राहावे, ही अपेक्षा होती. वरून ताडपत्री बांधण्यासाठी काठाला हुक. आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी तळाला बुचे. दांड्याखाली एक घडीचा पाय, म्हणजे ट्रेलर सोडला तरी दांडा जमिनीवर आदळू नये. थांबवून ठेवण्यासाठी हाताने ओढायचा ब्रेक. चालत्या गाडीत वापरायचा ब्रेक मात्र नाहीच. ते काम जीपचे.

१४/
मागचे दिवे विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. युद्धात रात्रीचा ताफा अंधारातच चालवावा लागे, कारण उजेड दिसला तर विमानांना लक्ष्य सापडे. म्हणून ब्लॅकआउट दिव्यांना बारीक फटी असत. मागच्या चालकाला त्या फटी अंतरानुसार वेगवेगळ्या दिसत. फार जवळ आले की प्रकाशाचे ठिपके सुटे सुटे दिसू लागत, योग्य अंतरावर ते जुळून कमी होत, फार मागे पडले की एकच उरे. केवळ ठिपके मोजून चालकाला आपले अंतर कळे.

१५/
दांड्याच्या टोकाला एक जाड लोखंडी कडे आहे, आणि जीपच्या मागे ते अडकवण्याचा हुक. या जोडणीचे कूळ मोटारींपेक्षा कितीतरी जुने आहे. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या तोफांच्या गाड्याला मागे शेपटासारखा दांडा असे आणि त्याच्या टोकाला असेच कडे. घोडे जुंपलेल्या दोन चाकी पुढच्या गाड्यावर हुक असे. कडे हुकात अडकवले की तोफ चालू लागे, काढले की ती मागच्या मागे मांडता येई. घोड्याच्या जागी इंजिन आले, तरी कडे आणि हुक राहिले. जुन्या तंत्राचा उपयुक्त भाग नवे तंत्र असा निमूटपणे उचलून नेते.

१६/
१९४४ मध्ये नॉर्मंडी आणि हॉलंड येथे हवाई सैन्य उतरले, तेव्हा अमेरिकी वाको ग्लायडरमधून जीप नेण्यात आल्या. लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांच्या त्या विमानात एक जीप तरी मावे किंवा भरलेला ट्रेलर तरी. म्हणजे जीप एका ग्लायडरमध्ये आणि तिचा ट्रेलर दुसऱ्यात. अंधारात, शत्रूच्या गोळीबारात, दोन्ही ग्लायडर नेमके एकाच शेतात उतरतील याची शाश्वती नसे. जीप मिळाली, पण दारूगोळा भरलेला ट्रेलर मिळाला नाही, तर त्या जीपचा उपयोग अर्धाच.

१७/
युद्ध संपले आणि उरलेले साहित्य विक्रीला निघाले. पुष्कळ ट्रेलर शेतकऱ्यांकडे गेले. ज्या पेटीतून दारूगोळा गेला, तिच्यातून बटाटे, शेणखत, कुंपणाचे खांब जाऊ लागले. बँटमनेही शांततेच्या काळासाठी त्याच धर्तीचा नागरी ट्रेलर काढला. मोटारी बनवण्याकडे कंपनी पुन्हा वळली नाही. १९५६ मध्ये ती एका पोलाद कंपनीत विलीन झाली आणि बँटम हे नाव बाजारातून गेले.

१८/
श्रेयाचा प्रश्न मात्र इतक्यात मिटला नव्हता. युद्धकाळात विलिसने जाहिरातींतून जीपच्या निर्मितीचे श्रेय स्वतःकडे घेतले होते. त्यावर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेपुढे प्रकरण चालले. १९४८ मध्ये कमिशनने असा निष्कर्ष काढला की जीपची कल्पना बँटमने लष्कराच्या काही अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकारली होती, आणि विलिसला तसे दावे करण्यास मनाई केली. निकाल बँटमच्या बाजूचा होता. पण ‘जीप’ हे नाव १९५० मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले ते विलिसच्याच नावावर.

१९/
आता पुन्हा त्या ट्रेलरकडे. पाणी काढून तो तळ तपासतो आणि त्याच्या लक्षात येते की तळ चाळणीसारखा झाला आहे. कारण सरळ आहे. पेटी पाणी आत येऊ देत नाही, तशी बाहेरही जाऊ देत नाही. नदीत जी बांधणी ट्रेलरला तारत होती, तिनेच परसात त्याला कुजवले. तळाची बुचे काढून ठेवण्याचे शेतकऱ्याला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या पावसाचे पाणी साठले, त्यात पाने पडली, ती कुजली, आणि वर्षानुवर्षे पत्रा ओलाच राहिला.

२०/
काम सुरू होते ते चाकांपासून, आणि इथे घाई जिवावर बेतू शकते. युद्धकाळातील जीपच्या चाकांची पोलादी रिंग पुष्कळदा दोन भागांची असते आणि ते भाग नटबोल्टने आवळलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर रिंगचे अर्धुक तोफगोळ्यासारखे उडते. म्हणून आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून सगळी हवा सोडायची, ती पूर्ण गेल्याची खात्री करायची, मगच पाना लावायचा. ऐंशी वर्षांच्या गंजावर विश्वास ठेवता येत नाही.

२१/
हबवरचे नटही फसवतात. त्या काळच्या अनेक लष्करी गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असत. चाक फिरताना नट आपोआप ढिले पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. हे ठाऊक नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो, नट सुटण्याऐवजी अधिक आवळला जातो, आणि शेवटी स्टड तुटतो. तो आधी ब्रशने आटे साफ करतो, तेल सोडतो, रात्रभर थांबतो. दुसऱ्या दिवशी आट्यांची दिशा डोळ्यांनी पाहून मगच पाना फिरवतो.

२२/
आतील बेअरिंगमधले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ती धुऊन, उजेडात फिरवून पाहायची. खड्डा किंवा निळसर डाग दिसला तर नवी घ्यायची, कारण भरल्या गाडीखाली हायवेवर निकामी झालेली बेअरिंग चाक घेऊनच निघते. कमानीचे पाटे सोडवून एकेक घासायचे, तडा गेलेला बदलायचा. जीपशी सामायिक असलेले बरेच सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. या बाबतीत जीपच्या कीर्तीचा फायदा तिच्या मागच्या गाड्याला मिळतो.

२३/
खरा पेच पुढे आहे. तळ नवा घालायचा तर संपूर्ण पेटीवर वाळूचा मारा करून रंग आणि गंज काढावा लागेल. पण रंग हा या ट्रेलरचा दप्तरखाना आहे. सर्वांत वर शेतकऱ्याने फासलेला लाल, त्याखाली कोणीतरी दिलेला राखाडी, त्याखाली लष्कराचा ऑलिव्ह हिरवा. उत्खननातल्या मातीच्या थरांसारखेच हे थर आहेत. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा.

२४/
तो बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका बाजूचा कोपरा अगदी हलक्या हाताने घासू लागतो. ओले घासण्याचे आणखी एक कारण आहे : जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची कोरडी धूळ श्वासात जाता कामा नये. तोंडावर मास्क, खाली प्लॅस्टिक. लाल जातो, राखाडी जातो, आणि हिरव्यावर फिकट पांढरी खूण उमटते. आधी एक आकडा, मग दुसरा. लष्करी नोंदणी क्रमांकाचे हे अवशेष. सगळे आकडे निघत नाहीत. जे निघतात ते साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतात.

२५/
आता वाळूचा मारा केला तर तळ वाचेल आणि हे आकडे जातील. न केला तर आकडे राहतील आणि ट्रेलर काही वर्षांत मोडेल. जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येकाला या जागी कधी ना कधी थांबावे लागते, मग समोर मंदिर असो, पोथी असो की पत्र्याची पेटी. वस्तू टिकवण्यासाठी वस्तूवरचाच पुरावा पुसावा लागतो. चकचकीत नव्या हिरव्या रंगावर त्याच जागी नवे पांढरे आकडे रंगवता येतात. ते सुंदर दिसतात, पण त्यांना पुराव्याचे मोल उरत नाही.

२६/
बाजारात निर्मात्याच्या नावाच्या नव्या पट्ट्याही मिळतात, हुबेहूब जुन्यासारख्या. त्या हव्या त्या ट्रेलरवर ठोकता येतात. त्यामुळे जाणकार माणूस पट्टीवर विसंबत नाही. तो चासीची बांधणी, रिव्हेटची भोके, रंगाचे खालचे थर ताडून पाहतो. कागदपत्र खरे असले तरी ते ज्या वस्तूला जोडले आहे ती तीच आहे का, ही शंका इतिहासाच्या अभ्यासकाने कधी सोडू नये.

२७/
त्याचा निर्णय मधला असतो. तळ आणि चासी वाळूने साफ करायची, कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा जोडायचा, वेल्डिंगचे सांधे घासून लपवायचे नाहीत. आकड्यांचा कोपरा कापडाने झाकून ठेवायचा, आधी त्याची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यायची, मग त्यावर पारदर्शक लेप द्यायचा. उरलेल्या भागाला प्रायमर आणि हिरवा रंग. परिणामी ट्रेलर एका बाजूने ठिगळ लावल्यासारखा दिसतो. प्रदर्शनातले परीक्षक कदाचित गुण कापतील. पण नवे काय आणि जुने काय, हे पाहणाऱ्याला न विचारता कळते.

२८/
पिकअपमागे जोडताना जुन्या-नव्याची गाठ पुन्हा पडते. युद्धकाळातील जीपची वीज सर्वसाधारणपणे सहा व्होल्टची, पिकअपची बारा. जुने बल्ब जोडले तर क्षणात जळतील. तो वायरिंग नवे ओढतो, प्लग बदलतो. मूळ ट्रेलरला वळण्याचा इशारा देणारे दिवेच नाहीत, आणि आजच्या रस्त्यावर ते हवेत. म्हणून पेटीला भोके न पाडता मागे अडकवता येईल अशा पट्टीवर नवे दिवे, परावर्तक आणि नंबरप्लेट बसवली जाते. शेजारी ते जुने ब्लॅकआउट दिवे तसेच राहतात.

२९/
पिकअपला मागे गोळ्याची जोडणी असते, ट्रेलरला कडे. कडे कापून टाकणे सोपे, पण ते कापले की तोफखान्यापासून चालत आलेला धागा तुटतो. तो ट्रेलरऐवजी पिकअपवर बदल करतो आणि कड्यासाठी योग्य उंचीवर हुक बसवतो. दांडा जमिनीशी समांतर राहिला पाहिजे. तो वर उचलला गेला तर ट्रेलरचा भार मागे जातो आणि वेगात ट्रेलर डोलू लागतो. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून जोडायच्या, म्हणजे हुक सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

३०/
ओझे भरण्याचा नियम बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावा लागणार नाही. गाडी उलार होता कामा नये, आणि सारा भार पुढेही येता कामा नये. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार दांड्यावर असावा. ट्रेलरला चालता ब्रेक नाही, म्हणून मोह आवरावा लागतो. ओल्या ओकची लाकडे काठोकाठ रचली तर पाव टनाची मर्यादा केव्हाच मागे पडते. ट्रेलर अरुंद आहे. पिकअपच्या आरशांत तो दिसतच नाही, आणि मागे घेताना तो इतक्या झटकन आडवा होतो की चालकाला कळेपर्यंत दांडा बंपरला भिडलेला असतो.

३१/
या साऱ्या कथेत महाराष्ट्राचाही एक छोटा धागा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ती गाडी सरकारी दौऱ्यांची, साखर कारखान्यांची, घाटरस्त्यांची झाली, आणि ‘जीप’ हा मराठीतला सामान्य शब्द बनला. विलिसचे नाव त्या पिढीला ठाऊक होते. बटलर आणि बँटम ही नावे त्या शब्दाबरोबर इकडे पोहोचलीच नाहीत. यात कोणाचा कट नव्हता. ज्याचे नाव बॉनेटवर असते तेच लक्षात राहते, एवढेच.

३२/
म्हणून या ट्रेलरचे मोल भंगाराच्या भावापेक्षा वेगळे आहे. बँटमच्या जीप आज फार थोड्या उरल्या आहेत आणि त्या संग्रहालयांत वा जपून ठेवलेल्या संग्रहांत आहेत. हा गाडा मात्र अजून शेतांत, परसांत, गोठ्यांमागे सापडतो. एका हरलेल्या कारखान्याची कारागिरी हाताने चाचपून पाहायची असेल, तर बहुतेकांसाठी हीच जागा उरली आहे.

३३/
नोव्हेंबरच्या एका सकाळी लाकडांची पहिली खेप भरली जाते. अर्धीच पेटी, भार किंचित पुढे, वर ताडपत्री. पिकअप कच्च्या रस्त्याला लागतो आणि मागून कडे हुकात खणखणू लागते. त्या ट्रेलरचा तो नेहमीचाच आवाज आहे. घरी आल्यावर तो लाकडे उतरवतो, झाडूने पेटी साफ करतो आणि निघण्यापूर्वी खाली वाकून तळाची दोन्ही बुचे काढून ठेवतो.